रांगेची विद्या

२०१६ च्या मार्च महिन्यात लातूर शहरात पाणीवाटपाच्या जागांभोवती १४४ कलम लावले गेले आणि पुढच्याच महिन्यात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली. रेल्वेची छायाचित्रे देशभर छापली गेली. जमावबंदीच्या आदेशाची आठवण आता लातूरकरांनाही फारशी नसावी. दुष्काळ पावसाने आणला आणि उसाने वाढवला, पण त्या आदेशात एका निराळ्याच तुटवड्याची कबुली होती. घागरी घेऊन माणसे जमली तर रांग आपोआप टिकेल, असा भरवसा प्रशासनाला वाटत नव्हता. रांगेत उभे राहणे ही शिकावी आणि शिकवावी लागणारी गोष्ट आहे, असे आपण कधी मानलेच नाही. शाळेत प्रार्थनेला रांग असते, ती मास्तरांच्या धाकाने. तिकीटखिडकीशी असते, ती लोखंडी गजांमुळे. धाक आणि गज काढून घेतल्यावर काय उरते, हा खरा प्रश्न आहे. नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतल्या राष्ट्रीय छात्रसेनेविषयीचे, म्हणजे सगळे जिला एनसीसी म्हणतात तिच्याविषयीचे, हे पुस्तक वाचताना त्याचा खरा विषय मला हाच वाटला. त्यात कवायत आहे, कॅम्प आहेत, प्रमाणपत्रे आणि त्यांचे फायदेही आहेत. पण या सगळ्याच्या मुळाशी एक विद्या आहे, आणि ती या भागात आज दुसरीकडे कुठेही शिकवली जात नाही.

मराठवाड्यात चार पोरांना एका ओळीत उभे करणे ही एके काळी राजकीय कृती होती. निजामाच्या राज्यात सभा घ्यायची तर गश्ती क्रमांक ५३ या परिपत्रकाप्रमाणे परवानगी लागे. आखाडे आणि खासगी शाळा यांच्यावरही सरकारची करडी नजर असे. (लातूरच्या एनसीसी बटालियनचा क्रमांकही ५३ आहे, हा निव्वळ योगायोग; इतिहासाला अशी थट्टा सुचते कधीकधी.) त्यामुळे शरीर कमावण्याची इथली परंपरा जत्रेच्या आणि धर्मस्थळाच्या आश्रयाने तगली. लोहा तालुक्यातल्या माळेगावी खंडोबाच्या यात्रेत कुस्त्यांची दंगल भरत राहिली. नांदेडच्या हुजूर साहिबमध्ये, जिथे १७०८ साली गुरू गोविंदसिंगजींनी देह ठेवला, होळीच्या सुमारास हल्ला-महल्ल्याच्या मिरवणुकीत गतका आणि तलवारीचे हात दिसत राहिले. उदगीरकडे आर्य समाजाने तरुणांना संघटित केले; तिथले भाई श्यामलाल १९३८ साली बिदरच्या तुरुंगात मरण पावले. लाल मातीने या भागाला मोठे मल्लही दिले. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचे हरिश्चंद्र बिराजदार १९६९ चे महाराष्ट्र केसरी. मात्र तालीम एकट्याला घडवते. वस्ताद आणि पठ्ठा एवढ्या दोघांत ती पुरी होते आणि आखाड्यात शेवटी एकच जण उभा राहतो. दोनशे जणांनी एका वेळी एकच पाऊल टाकायचे, ही कल्पनाच तिच्या गरजेची नाही.

ती कल्पना महाराष्ट्रात इतर वाटांनी आली. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९१४ पासून मल्लखांब, लाठी, लेझीम यांना शिस्तबद्ध शिक्षणाचे रूप दिले. संघ १९२५ साली निघाला, राष्ट्र सेवा दल १९४१ साली. या दोघांचे विचार एकमेकांच्या अगदी विरुद्ध टोकांना, पण संध्याकाळी मैदानावर मुलांना रांगेत उभे केल्याखेरीज काही खरे नाही, यावर दोघांचेही एकमत. तिसरी वाट लष्करी शाळांची: नाशिकची भोसला शाळा १९३७ ची, साताऱ्याची सैनिक शाळा १९६१ ची. एनसीसी या तिन्हींची थोडी थोडी नातलग असली तरी तिन्हींहून वेगळी आहे. तिला विचारसरणीची दीक्षा द्यायची नाही आणि मुलाला घरातून उचलून वसतिगृहातही न्यायचे नाही. मुलगा विद्यार्थीच राहतो. आठवड्यातले काही तास आणि वर्षातले काही दिवस गणवेश घालतो. हे अर्धेपण अनेकांना तिचे व्यंग वाटते. माझ्या मते तेच तिचे बळ आहे.

तिचा जन्म मुळात इंग्रजांच्या गरजेतून झाला. पहिल्या महायुद्धात माणसांची चणचण भासू लागल्यावर १९१७ साली विद्यापीठांत सैनिकी पथके निघाली. १९२० नंतर त्यांचे युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर झाले. जुन्या पिढीच्या आत्मचरित्रांत ज्याला यूटीसी म्हटले आहे, ते हेच. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ साली, अधिकारी मिळवण्याच्या हेतूने त्याचे नाव आणि रूप पुन्हा बदलले. दोन्ही वेळा अपेक्षेइतके काही हाती लागले नाही. तेव्हा १९४६ साली पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, पुढच्या वर्षी तिचा अहवाल आला, १९४८ साली कायदा झाला आणि त्या वर्षीच्या १५ जुलैला एनसीसी सुरू झाली. कुंझरू हे सैनिक नव्हते. गोखल्यांच्या भारत सेवक समाजातले ते उदारमतवादी कार्यकर्ते होते. त्यामुळेच असेल, या कायद्यात एक कलम असे आहे की ते प्रत्येक पालकाने वाचावे: छात्रसैनिकावर प्रत्यक्ष लष्करी सेवेचे कोणतेही बंधन येत नाही. ज्या संघटनेचे पोशाख, हत्यारे आणि शिक्षक फौजेचे, तिच्या सदस्याला फौजेत जाण्याची सक्ती नाही. एनसीसीभोवतीचे सगळे वाद या एका विसंगतीतून निघतात.

त्या १५ जुलैला नांदेड आणि लातूर निजामाच्याच अमलाखाली होते. इथल्या तरुणांचे तेव्हाही कॅम्प चालू होते, पण ते सरहद्दीवर, मुक्तिसंग्रामाचे. ३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातल्या उमरीच्या बँकेवर जो छापा पडला, तो त्याच लढ्यातला. १७ सप्टेंबरला मराठवाडा मुक्त झाला. याचा अर्थ असा की ‘कॅम्प’ हा शब्द या भागाने एनसीसीकडून घेतलेला नाही. आधीच्या पिढीला तो ठाऊक होता, मात्र राज्याच्या विरोधात उभा राहिलेला. पुढच्या पिढीला राज्यानेच चालवलेला कॅम्प मिळाला. या पालटाकडे आपल्या इतिहासकारांनी फारसे पाहिलेले नाही.

एनसीसी इथे रुजायला वेळ लागला, कारण आधी महाविद्यालये यावी लागली. नांदेडचे पीपल्स कॉलेज १९५० चे, लातूरचे दयानंद महाविद्यालय १९६१ चे, उदगीरचे महाराष्ट्र उदयगिरी १९६२ चे. नांदेडची यशवंत आणि सायन्स ही दोन्ही महाविद्यालये १९६३ साली निघाली आणि नेमक्या त्याच वर्षी, चीनकडून झालेल्या पराभवानंतर, एनसीसी महाविद्यालयांत सक्तीची झाली. ज्यांच्या इमारतींचे गिलावे ओले होते, अशा संस्थांना मैदान आखून शेकडो पोरांची परेड घ्यावी लागली. सक्तीने जे व्हायचे तेच देशभर झाले: गणवेश पुरेनात, शिकवणारे पुरेनात, हजेरीपुरती परेड उरली. १९६८ साली सक्ती उठली आणि पुढच्या वर्षी राष्ट्रीय सेवा योजना हा दुसरा पर्याय आला. अधूनमधून कोणीतरी पुढारी एनसीसी पुन्हा सक्तीची करण्याची घोषणा करतो, तेव्हा या पाच वर्षांची आठवण द्यावीशी वाटते. ही विद्या मागून घेणाऱ्यालाच लाभते.

आज नांदेडची ५२ महाराष्ट्र आणि लातूरची ५३ महाराष्ट्र या दोन बटालियन छत्रपती संभाजीनगरच्या ग्रुप मुख्यालयाखाली चालतात. त्यांच्याशी जोडलेल्या शाळांत ज्युनिअर गटाची मुले दोन वर्षे शिकतात आणि ‘ए’ प्रमाणपत्राची परीक्षा देतात; महाविद्यालयातल्या तीन वर्षांत ‘बी’ आणि ‘सी’. परीक्षेला बसायचे तर परेडला ७५ टक्के हजेरी लागते आणि कॅम्प केलेला लागतो. वार्षिक प्रशिक्षण शिबिर दहा दिवसांचे. त्यापलीकडे दिल्लीचे थल सैनिक शिबिर, प्रजासत्ताक दिनाचे शिबिर, एक भारत श्रेष्ठ भारत शिबिरे, उत्तरकाशी आणि दार्जिलिंगचे गिर्यारोहणाचे वर्ग, आग्र्याचे पॅराशूट प्रशिक्षण असा मोठा पसारा आहे, पण तिथवर मोजकेच पोहोचतात. दहा दिवसांचे शिबिर मात्र सर्वांसाठी असते आणि एनसीसीची परीक्षा तिथेच करायला हवी.

कॅम्पच्या पहिल्या दिवशी हिंदीत एक हुकूम होतो: लंबा दाहिने, छोटा बाएँ. उंच उजवीकडे, ठेंगणा डावीकडे, आणि पोरे कदवार उभी राहतात. नंतर मोजणी होऊन तीन रांगा पडतात. दिसायला ही साधी सोय आहे. पण मराठवाड्यातल्या मुलाला त्या क्षणापर्यंत कोणत्या क्रमाने उभे केले गेले होते, याचा विचार करावा. वर्गात टक्केवारीने, शिकवणीत चाचणीच्या गुणांवर पाडलेल्या तुकडीने, गावात आडनावाने, घरात मुलगा-मुलगी या भेदाने. उंचीचा क्रम यांपैकी कशालाच विचारत नाही. शेजारी कोण आला, हे फक्त सेंटिमीटर ठरवतात. आणि पुढचे दहा दिवस त्या शेजाऱ्याच्या खांद्याच्या रेषेत आपला खांदा ठेवायचा असतो. ज्या भागाने १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या ठरावानंतर गावोगाव घरे पेटलेली पाहिली आणि नामविस्तारासाठी १९९४ पर्यंत वाट पाहिली, त्या भागात ही गोष्ट क्षुल्लक म्हणता येणार नाही. जेवणाच्या रांगेत ताट घेऊन उभे राहणे, एकाच तंबूत झोपणे, मेसची भांडी आळीपाळीने घासणे यांनी जात जाते, असे कोणी म्हणू नये. मात्र जात न विचारता दहा दिवस जगता येते, हे अंगाला कळते. आणि अंगाला कळलेले सहजी पुसले जात नाही.

कवायतीविषयीही असेच. तेज चलमध्ये मिनिटाला १२० पावले, आणि पाऊल ३० इंचांचे. उंच मुलाला ते आखूड पडते, ठेंगण्याला लांब. दोघांनाही आपली नैसर्गिक चाल सोडून तिसरीच चाल शिकावी लागते, आणि ती कोणा एकाची नसते. कवायत म्हणजे मेंढरांचा कळप असे हिणवणारे लोक इथेच चुकतात: कळपातले मेंढरू पुढच्याच्या मागे जाते, रांगेतल्या कॅडेटला डोळ्याच्या कोपऱ्यातून उजवीकडचा माणूस पाहत स्वतःचे पाऊल सतत दुरुस्त करावे लागते. एवढ्या बारीक लक्षाचा सराव आजच्या अभ्यासक्रमात दुसरीकडे नाही. पहाटेची पीटी, अडथळ्यांची शर्यत, नकाशावाचन, पॉइंट टू-टू रायफलचा नेम, रात्रीचा पहारा या सगळ्यांत शरीर कामाला लागते, पण कोणत्याही एका गोष्टीने कोणी पहिलवान होत नाही. दहा दिवसांत ताकद वाढत नसते. फरक पडतो तो स्वतःच्या शरीराशी असलेल्या ओळखीत: किती थकल्यावर खरोखर थांबावे लागते, आणि थांबावेसे वाटणे म्हणजे थांबणे नव्हे.

ही ओळख आज का हवी, ते या दोन शहरांकडे पाहिले की समजते. ‘लातूर पॅटर्न’ नावाच्या अभ्यासपद्धतीने मागास म्हटल्या गेलेल्या जिल्ह्यातल्या मुलांना वैद्यकीय आणि अभियांत्रिकीचे दरवाजे उघडून दिले, याचे श्रेय तिला दिलेच पाहिजे. आता नांदेडही त्याच वाटेवर आहे. पण त्या यशाची किंमत सोळा-सतरा वर्षांच्या शरीराने मोजली: खोली, क्लास, अभ्यासिका, मेस, पुन्हा खोली. दुसऱ्या टोकाला जे शरीरच पणाला लावतात ती मुले आहेत. पहाटे कोणत्याही तालुक्याच्या रस्त्याला सोळाशे मीटरचे अंतर मोजून धावणारी, पोलीस आणि सैन्यभरतीच्या अकॅडमीतली. नांदेड जिल्ह्यात मुदखेडला सीआरपीएफचे आणि लातूर जिल्ह्यात चाकूरला सीमा सुरक्षा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. वर्दी डोळ्यांसमोर असते, आणि शेतीत राम उरलेला नसतो. पहिला गट शरीर विसरला, दुसऱ्याने त्याचे घड्याळ केले. दोघांत साम्य एकच: शेजारी धावणारा किंवा शेजारी बसणारा हा स्पर्धक. एनसीसीचा कॅम्प ही या मुलांच्या आयुष्यातली बहुधा एकमेव जागा, जिथे शेजाऱ्याचे पाऊल चुकले तर आपलीही शोभा जाते.

फायद्यांविषयी हात आखडता घ्यायचे कारण नाही. ‘सी’ प्रमाणपत्र चांगल्या श्रेणीत असलेल्या पदवीधराला सैन्यात अधिकारी होण्यासाठी लेखी परीक्षेवाचून थेट एसएसबीच्या, म्हणजे सैन्याच्या निवड मंडळाच्या, मुलाखतीला बसता येते. भरतीत जादा गुण मिळतात. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या श्रेयांकांतही एनसीसीला जागा झाली आहे. साताऱ्यातल्या अपशिंग्याला लोक ‘मिलिटरी अपशिंगे’ म्हणतात, इतके तिथे घरोघर सैनिक आहेत. असा चुलता किंवा मामा नांदेड-लातूरच्या मुलाला क्वचितच असतो. त्याच्यासाठी बटालियनचा सुभेदार हाच फौजेशी पहिला परिचय. तरीही मला हे फायदे दुय्यम वाटतात, आणि याचे कारण हिशेबाचे आहे. एसएसबीतून पार होणारे थोडे. रांगेत उभे राहणारे सगळे. ज्या संस्था प्रवेशाच्या जाहिरातीत फक्त गुण आणि नोकरी सांगतात, त्या शंभरांपैकी चौघांना खरे आणि उरलेल्यांना अर्धे खरे सांगत असतात.

आक्षेप आहेत, आणि ते फुंकरीने उडणारे नाहीत. पालक म्हणतात, वेळ जातो. ‘सी’ प्रमाणपत्रासाठी तीन वर्षांत दोन कॅम्प, म्हणजे वीस दिवस. शाळा-महाविद्यालयांना मिळणाऱ्या सुट्ट्या मोजल्या तर हा आकडा लाजेल. मात्र परीक्षेच्या तोंडावर कॅम्प लागतो तेव्हा तक्रार रास्त असते, आणि विद्यापीठाचे वेळापत्रक व बटालियनचे वेळापत्रक एका टेबलावर ठेवून आखणे अवघड नाही. दुसरा आक्षेप विचारवंतांचा: यातून आज्ञाधारक माणसे तयार होतात, लोकशाहीला प्रश्न विचारणारी हवीत. यात तथ्य आहे, विशेषतः जिथे शिस्तीच्या नावाखाली शिक्षा आणि अपमान चालतो तिथे. त्याचे समर्थन कोणी करू नये. पण मुक्तिसंग्रामात निजामाला प्रश्न विचारणारी पिढीही कॅम्पातच राहिली होती. प्रश्न विचारणे आणि एकत्र उभे राहणे यांत वैर आहे, असे मराठवाड्याचा इतिहास तरी सांगत नाही. तिसरा आक्षेप मुलींचा, म्हणजे त्यांच्या घरच्यांचा. मुलींचा विभाग १९४९ पासून आहे. तरीही दहा दिवस बाहेर राहण्याची परवानगी ही अनेक गावांत अजून कॅम्पपेक्षा मोठी परीक्षा आहे. ज्या जिल्ह्यांत शाळकरी वयातच मुलींची लग्ने उरकण्याची चाल अजून मोडलेली नाही, तिथे या आक्षेपाला उत्तर द्यायचे नसते. तो हटवायचा असतो.

चौथा आक्षेप सर्वांत जड आहे, आणि तो एनसीसीच्या बाजूच्यांनीच घ्यायला हवा: ती थोड्यांनाच मिळते. १९४८ साली देशात २० हजार छात्रसैनिक होते. २०२४ साली ३ लाख जागा वाढवण्यास मंजुरी मिळाल्यावर मंजूर संख्या २० लाखांवर गेली. आकडा मोठा वाटतो, पण देशातल्या शाळा-महाविद्यालयांपुढे तो लहान आहे. एकेका संस्थेला ठरावीक जागा, आणि त्या चालवायला प्रशिक्षित प्राध्यापक. कामठीच्या अकादमीत जाऊन, मैदानावर घाम गाळून जो लेफ्टनंट होऊन परततो, त्याला महाविद्यालयात तासही घ्यायचे असतात आणि साठा-नोंदवहीही लिहायची असते. तो निवृत्त झाला आणि दुसरा तयार नसला की चांगले पथक दोन वर्षांत मोडते. माजी सैनिकांना प्रशिक्षक म्हणून घेण्याचा विचार आता झाला आहे. तो योग्य आहे. पण गावच्या मुलाला गावच्या बोलीत समजावणारा मास्तर हा या व्यवस्थेचा खरा कणा, आणि त्याच्याकडे कोणाचेच पुरेसे लक्ष नाही.

हे पुस्तक हे सारे एका ठिकाणी आणू पाहते. ते माहितीपुस्तिका नाही, जरी नव्या कॅडेटला लागणारी माहिती त्यात आहे; ते गौरवग्रंथही नाही, आणि याचा मला अधिक आनंद आहे. राज्याच्या किंवा देशाच्या इतिहासातून खाली उतरून मराठवाड्याकडे येण्याऐवजी ते इथल्या मैदानांवरून वर पाहते. त्यामुळे दिल्लीच्या संचलनाला त्यात पाने कमी आली आणि परेडनंतरच्या नाश्त्याला जास्त. ज्यांनी उपाशीपोटी परेड केली आहे, त्यांना हे प्रमाण बरोबर वाटेल. पुस्तकाची उणीवही याच निवडीतून आली आहे. सक्तीच्या पाच वर्षांविषयी लिखित साधने फार थोडी मिळतात आणि पहिल्या मुलींच्या तुकड्यांविषयी तर त्याहून थोडी. नांदेड, लातूर, उदगीर, अहमदपूर, देगलूर, किनवट इथल्या ज्या घरांत १९६३ ते १९६८ या काळातली कॅम्पची सामूहिक छायाचित्रे, हजेरीपट किंवा प्रमाणपत्रे असतील, त्यांनी ती प्रकाशकांकडे पाहण्यापुरती पाठवावीत. छायाचित्राच्या मागे नावे लिहिलेली असतील तर उत्तम. नसतील तर आठवतात तेवढी डावीकडून क्रमाने लिहून पाठवावीत.